शेठची निवांत करंगळी

तुमच्या उजव्या हाताची करंगळी दिवसभर काय करते, हे तुम्ही कधी बघितलंय का?

नसेल बघितलं. मीही बघितलं नव्हतं. पोटासाठी प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कुणाच्याही शेजारी घटकाभर उभे राहा आणि फक्त त्या एका बोटावर नजर ठेवा. ओळ संपली की अर्धविराम, करंगळी. कंस उघडला, करंगळी. कंस बंद केला, करंगळी. अवतरणचिन्ह, एंटर, चुकलं म्हणून खोडलं, शिफ्ट दाबून धरली, सगळं तिच्याच वाट्याला. पंजातलं सगळ्यात लहान, सगळ्यात अशक्त बोट, आणि सगळ्यात जास्त राबतं तेच. शेजारचा धडधाकट अंगठा मात्र अधूनमधून एक स्पेस दाबून पगार घेतो. हे कुणी ठरवलं? कुणाला विचारून ठरवलं?

हा प्रश्न मी पहिल्यांदा शेठना विचारला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "कोनी ठरवलं ते सोड गो. तू का ऐकतंस, ते सांग."

शेठ हे त्यांचं नाव नव्हे. नाव मी लिहिणार नाही, ते अजून आम्ही दोघं होतो त्याच कंपनीत आहेत. महाप्याच्या त्या कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. द्रोणागिरीकडच्या गोदामांत कंटेनर कुठे उतरला, कधी उचलला, याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहायची. ते कायम नोकरीत होते, मी कंत्राटावर. दर तीन महिन्यांनी माझं कंत्राट पुढे चालवायचं की नाही, हे वरती ठरायचं. शेठ चाळिशी ओलांडलेले, कोपरखैरण्याच्या जुन्या गावातले, आगरी. शेती नवी मुंबई वसवताना सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर चार मजले उभे राहिले. तळमजल्यावर शेठ आणि त्यांची आई, वर सगळे भाडेकरू. म्हणून ऑफिसात त्यांना सगळे शेठ म्हणायचे. लोक तोंडावर प्रेमानं म्हणायचे आणि पाठीमागे जळून. मी तोंडावरही थोडं जळूनच म्हणायचे.

त्यांचा कीबोर्ड दोन तुकड्यांचा होता. एक तुकडा डाव्या खांद्यासमोर, दुसरा उजव्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत जेवणाचा डबा. बटणांवर एकही अक्षर नव्हतं. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, मोडलाय. आमच्या टीममधला एक जण जाता-येता विचारायचा, "शेठ, कीबोर्डच्या वाटण्या झाल्या काय?" शेठ मान डोलावायचे. "झाल्या ना. दोघा भावांचं पटत नव्हतं. मधली जागा डब्याच्या नावावर केली."

"पण अक्षरं कुठायत?"

"कशाला पायजेत? जेवताना तू तोंड कुठं हाय ते आरशात बघतंस काय?"

त्या कीबोर्डवर एंटर, शिफ्ट आणि खोडायचं बटण हे सगळं अंगठ्यांखाली होतं. कंस करायचे तर अंगठ्यानं एक बटण धरून ठेवायचं, की मधल्या बोटांखालची नेहमीची अक्षरं कंस व्हायची. पंजा जागचा हलायचाच नाही. झोपलेल्या पोराला थोपटत बसावं तसे हात. करंगळ्या तर नुसत्या टेकलेल्या असायच्या. त्या दोन निवांत करंगळ्यांकडे बघत बघत मी माझं काम करायचे आणि माझं काम बिघडायचं.

कीबोर्ड घ्यायचा असला की ऑफिसातले लोक शेठना वाशीच्या दुकानात घेऊन जात. एकदा मीही मागोमाग गेले. दुकानदारानं खोकं उघडून पुढे ठेवलं की शेठ आधी तोंड फिरवून उभे राहायचे, बाहेर रस्त्याकडे बघत, आणि हात मागे सोडल्यासारखे बटणांवर ठेवायचे. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, बघा तरी." शेठ म्हणाले, "बघितला का आवडंल. म्हनून नाय बघत." आमच्या टीममधल्या एका मुलानं आधीच एक घेऊन ठेवला होता, प्रत्येक बटणाखाली रंगीत दिवा लुकलुकणारा. शेठनी तो हातात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि गंभीरपणे विचारलं, "गनपती कवा बसवतंस?"

त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी हात बघायचा, मग काम बघायचं, मग बटणं, आणि दिवे सगळ्यात शेवटी. लोक दिव्यांपासून सुरुवात करतात आणि हातापर्यंत पोहोचतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आता माझं सांगते, म्हणजे माझं जळणं कुठल्या जातीचं होतं ते कळेल. माझे वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात होते, युनियनमध्ये होते. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. इतर पोरांना बडबडगीतं पाठ होती, मला 'बंधूंनो आणि भगिनींनो' पाठ होतं. छापून उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्या कागदांनी मला एक गोष्ट शिकवली, आणि मी ती अजून मानते. एकट्याला मिळतं ती मेहेरबानी असते. सगळ्यांना मिळतो तो हक्क. त्यामुळे शेजारच्या टेबलावर एक माणूस कुणाकडे काही न मागता, एकही सभा न घेता, स्वतःच्या दहा बोटांपुरती क्रांती करून डबा खात बसलेला दिसला की माझ्या डोक्यात आग पेटायची. तो कीबोर्ड मला हवा होता, हे त्या आगीचं खरं कारण. बाकीचं मी त्यावर लिहिलेलं पत्रक होतं.

मग माझी करंगळी गेली. म्हणजे आधी संध्याकाळी ठणकायची, मग दुपारी, मग सकाळी उठल्यापासून. दुखणं मनगटातून कोपरापर्यंत चढलं. घरी कपडे पिळता येईनात, आई पिळायची. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. कुणाला द्यायची विश्रांती? अर्धविरामाला? टीम लीडनं चहाच्या मशीनपाशी गाठून गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमचा स्पीड डाऊन दिसतोय. रिन्यूअल जवळ आलंय. वरचे बघतात हे सगळं." त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता. म्हणूनच भीती वाटली. वडिलांचा कारखाना कधीच बंद झाला होता, घरात पगार माझाच होता, आणि तो एका बोटावर उभा होता.

शेठनी माझं बोट पट्टीत गुंडाळलेलं बघितलं आणि म्हणाले, "रविवारी घरी ये. हात बघाचाय."

त्यांचं घर आमच्या भाड्याच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. दार त्यांच्या आईंनी उघडलं. शेठनी भाकरीची परात काढून तिच्यात तांदळाचं पीठ पसरायला घेतलं होतं, हातानं सारखं करत, कॅरम बोर्डवर पावडर टाकावी तसं.

त्यांच्या आई म्हणाल्या, "काय रं, पीठ कशाला नासतंस? आनि ही पोर कोनाची?"

"ऑफिसातली हाय. हात बघतंय तिचा."

"जोतिषी कवापासून झालास? त्यापेक्षा लगीन केलं असतंस." मग माझ्याकडे वळून, "पोरी, हात घालशीलच पिठात, तं दोन भाकऱ्या थापून जा. फुकट नको घालू."

मला त्यांनी डोळे मिटायला लावले. खांदे सोड, कोपरं सोड, आणि हात पडतील तिथे पडू दे. पडले. "आता पंजा नाय हलवाचा. नुसती बोटं वळव, परत लांब कर." मी केलं. डोळे उघडले तर पिठात माझा हात वेगळाच दिसत होता. प्रत्येक बोटाची एक सरळ रेघ. मधल्याची लांब, करंगळीची आखूड आणि बरीच खाली. दोन्ही पंजे एकमेकांपासून दूर, बाहेरच्या बाजूला उतरलेले. नेहमीच्या कीबोर्डवर असतात तशी तिरकी सरकलेली रांग कुठेच नव्हती.

"जुन्या टाइपरायटरला लोखंडाचे दांडे असाचे," शेठ म्हणाले. "एकमेकांत अडकू नयेत म्हनून बटनं तिरकी सरकवली. दांडे गेले. तिरकं राहिलं. आनि तुझा हात त्या मेलेल्या दांड्यांसाठी वाकडा होतंय."

मी कितीतरी पत्रकं लिहिली आहेत. इतकं चांगलं वाक्य मला एकदाही सुचलं नाही. ते वाक्य त्यांनी पीठ झाडता झाडता टाकून दिलं, पुन्हा कधी वापरलंही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

टीव्हीच्या कपाटात त्यांच्याकडे जुन्या शर्टांत गुंडाळलेले सात-आठ कीबोर्ड होते. एकेक काढून ते पिठातल्या रेघांशेजारी धरत, डोळा बारीक करून बघत, बाजूला ठेवत. एकाशी थांबले. बटणांचे उभे रकाने, करंगळीचा रकाना खाली उतरलेला. मग विचारलं, "तुला काय लागतं जास्त? कंस का अवतरन?" मी कंस म्हणाले. त्यांनी कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, बटणांची कामं बदलली आणि कंस माझ्या तर्जनीखाली आणि मधल्या बोटाखाली आणले, कारण माझी तीच बोटं जोरात होती. स्वतःच्या कीबोर्डवर त्यांचे कंस वेगळीकडे होते. "माझी चप्पल तुला कशाला?" म्हणाले. मी आईंच्या हाताखाली भाकऱ्या थापल्या. एक फाटली. आई म्हणाल्या, फाटकी ह्याला वाढ, ह्याला चालतंय सगळं.

निघताना शेठ सहज बोलले, "एक ध्यानात ठेव. महिनाभर तू अडानी होशील. अक्षर न् अक्षर शोधशील. मंग एक दिवस हात आपोआप जातील."

"महिना?"

"मना तं दोन लागले."

"शेठ, माझं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. माझा स्पीड आधीच कमी धरलाय. आणखी महिनाभर मी अडाणी झाले तर मला काढतील."

शेठ दारात उभे राहिले. एवढ्या वर्षांत हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. "मंग कसं?" एवढंच म्हणाले.

त्या दिवशी कीबोर्ड पिशवीत घालून दोन गल्ल्या चालताना मला माझ्या जळण्याचं नेमकं नाव सापडलं. मला त्यांच्या कीबोर्डचा हेवा नव्हता, तो तर माझ्या पिशवीत होता. चार मजल्यांचाही नव्हता. मला हेवा होता त्यांच्या त्या दोन महिन्यांचा. या माणसाला दोन महिने हळू होता आलं. अक्षरं शोधत, चुकत, डबा खात, कुणालाही न घाबरता. वरती भाडेकरू होते म्हणून खाली शिकता आलं. हाताला मानवणारा कीबोर्ड निवडणं अवघड नाही. परात आणि मूठभर पीठ पुरतं. अवघड आहे ते निवडल्यानंतर हळू होणं. ती चैन आमच्यासारख्यांना कोण देणार?

मी जे येतं तेच केलं. पत्रक लिहिलं. 'शिकण्याचा महिना द्या', कायम आणि कंत्राटी सगळ्यांना. हाताला मानवेल तो कीबोर्ड, आणि तो शिकताना कामाचा वेग मोजू नये. कँटीनमध्ये वाटलं. लोकांनी वाचलं, एकानं तर "भारी लिहिलंय" म्हणून फोटोही काढला. सही कुणी केली नाही. कंत्राटी लोक घाबरले, कायमवाल्यांना गरज नव्हती. मला वाटलं, एक सही नक्की मिळेल.

शेठनी कागद नीट वाचला, परत केला. "मी नाय करत सही."

"का? तुमचं कोण काय बिघडवणार आहे?"

"आमच्या घरानं लय सह्या केल्यात," ते म्हणाले. "आज्यानं अंगठा दिला, जमीन गेली. बापानं मोर्च्यात सही केली, परत द्या म्हनून. आयनं भाकऱ्या बांधून दिल्या, मी बापाच्या खांद्यावर होतो. त्या सहीनं काय परत नाय आलं. मना सही नको सांगू. दुसरं काय बी सांग."

मी भडकले. म्हणाले, "ज्यांना परवडतं तेच असं बोलतात, शेठ. तुमची जमीन गेली, पण मोबदल्यात उभं राहायला जागा मिळाली. ती मोर्च्यांनीच मिळाली. आमचा कारखाना गेला तेव्हा काहीच नाही मिळालं." शेजारच्या टेबलांवरचे हात थांबले. शेठनी डबा उघडला, सुक्या बोंबलांचा वास पसरला, आणि आमचं बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा माझ्या टेबलाशेजारी त्यांची खुर्ची होती.

"तू टाइप कर," म्हणाले. "नव्यावर. मी बसतंय."

"तुमचं काम?"

"हेच काम. दोघं मिळून एक. नाव दोघांचं लावायचं."

दोघांनी मिळून एका स्क्रीनवर काम करणं आमच्या धंद्यात नवं नाही, पण सगळे ते चार दिवस करतात आणि सोडतात. शेठ महिनाभर बसले. मी एकेक अक्षर शोधत असताना ते खिडकीबाहेर बघत बसायचे. कंस सापडेना म्हणून माझे डोळे भरून यायचे तेव्हाही बाहेरच बघायचे. दुपारनंतर ते टाइप करायचे, मी विचार करायचे. एकदाही माझ्या हातावरून त्यांनी बटण दाबलं नाही. कधी म्हणायचे, "आज पीठ बरं मळलंय." बस.

साहजिकच आमचं दोघांचं मिळून काम एकाच्या कामाएवढं दिसायला लागलं. टीम लीडनं मीटिंगमध्ये विचारलंच. "शेठ, यातलं तुमचं किती आणि मॅडमचं किती? मला वर सांगावं लागतं."

"दोघांचं हाय."

"हो, पण कुणी काय लिहिलं?"

"तुमी वाचा ना. चूक सापडंल ती माझी."

लीडनं खरंच वाचलं. काही सापडलं नाही, कारण चार डोळ्यांखालून गेलेल्या कामात चुका कमीच राहतात. तरी त्यानं रेटलं, हे असं चालणार नाही. शेठ पाठ टेकून म्हणाले, "नसंल चालत तं मना काढा. मी घरी बसून भाडं गोला करीन. टेन्शन नको घेऊ, साहेब." खोलीतले सगळे हसले. लीडही हसला. मी हसले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे वाक्य मला आयुष्यात कधी म्हणता येणार नाही. माझ्या नोकरीसाठी हा माणूस त्याची नोकरी टेबलावर ठेवत होता, आणि त्याच्या टेबलावर ती काडीएवढीसुद्धा जड नव्हती. चांगुलपणाही परवडावा लागतो. त्यांना तो परवडत होता, आणि मला त्याचासुद्धा हेवा वाटला.

महिना भरता भरता एका सकाळी हात आपोआप गेले. मी एक पूर्ण ओळ लिहिली, कंसांसकट, आणि लिहून झाल्यावर कळलं की मी काही शोधलं नव्हतं. शेजारी बघितलं. शेठ खुर्ची उचलून त्यांच्या टेबलाकडे निघालेही होते. कंत्राट पुढे चाललं. बोटाची पट्टी सुटली.

मग चाचणी विभागातली एक मुलगी आली, मनगटाला पट्टा बांधलेली, तीही कंत्राटावरची. तिनं शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "पीठ हाय, कीबोर्ड हाय. पन मी तुझ्या टीममध्ये नाय. तिकडं माझी खुर्ची कोन लावू देनार?" आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तेच जुनं पत्रक होतं, तिच्यापुढे धरण्यासाठी. मी ते खाली ठेवलं. पण मी स्वतःच कंत्राटावर, मला तिकडे कुणी बसू दिलं नसतं, मग तिच्या शेजारी कोण बसणार? तिच्या टीममधल्या कायमवाल्यांकडे मी एकेकाकडे गेले. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. त्या तिमाहीत तिचं कंत्राट संपलं. ती कुठे गेली ते मला माहीत नाही.

मी आता ती कंपनी सोडली आहे. कुणी म्हणेल, तू ज्याच्यामुळे टिकलीस त्याच्यावर जळतेस? हो, जळते. एका चांगल्या माणसाच्या शेजारची जागा मला मिळाली, तिला मिळाली नाही, यात न्याय कुठे आहे? शेठ एकटे आहेत तोवर त्यांचा चांगुलपणा हे माझं नशीब आहे, हक्क नव्हे. माझा हेवा एकाच उपायानं जाईल. असे शेठ प्रत्येक टीममध्ये झाले पाहिजेत, इतके की कुणाला त्यांचं कौतुक वाटू नये. पत्रक मी अजूनही लिहिते आणि सह्या अजूनही मागते, कारण महिना हक्कानं मिळायला हवा, आणि तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.

पण तो मिळेपर्यंतची एक मागणी तुमच्याकडे आहे, वाचकहो. तुमची नोकरी कायम असेल तर ही मागणी तुमच्याकडेच आहे. उद्या कामावर गेलात की बघा, तुमच्या टीममध्ये कोण नवं काही शिकतंय आणि म्हणून हळू झालंय. तुमची खुर्ची उचला, त्याच्या शेजारी नेऊन ठेवा. एक महिना बसा, त्याच्या हातावरून बटण दाबू नका. कामावर दोघांची नावं लावा. आणि कुणाचं किती असं वरून कुणी विचारलं, तर सांगू नका.